सरकलेली वेलांटी

पहाटे साडेचारला जाग येते. गजर वाजलेला नसतो, कुत्रं भुंकलेलं नसतं, कुणी हाक मारलेली नसते. जाग येते ती आवाज थांबल्यामुळे. टिक्, टिक्, टिक्, आणि मग काहीच नाही. त्या रिकाम्या क्षणात मी टक्क जागी होते. मग छातीच्या आतून कुणी दारावर थाप मारावी तसा एक दणकट ठोका येतो आणि टिकटिक पुन्हा सुरू होते.

शेजारच्या कॉटवरून अंधारातच प्रश्न येतो, "मिसिंग मारलं ना?"

म्हणजे हेही जागेच.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं होते. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचे. दिवाळीनंतर माझ्या छातीत कृत्रिम झडप बसली आणि निवृत्त माणसाला पुन्हा ऐकायचं काम लागलं. ही झडप मिटताना बारीक टिक् असा आवाज करते. दिवसा मिक्सर, टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न यांच्यात तो बुडून जातो. रात्री मात्र मार्गशीर्षातल्या थंडीने पंखा बंद, खिडक्या बंद. मग उशाशी मनगटी घड्याळ ठेवल्यासारखा ऐकू येतो. मला येतो तसा यांनाही. इतरांचे ठोके चुकले तर ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझं बिंग खोलीभर फुटतं.

सगळे या झडपेला धातूची म्हणतात. तिच्या दोन पाकळ्या खरं तर कार्बनच्या आहेत, अणुइंधनाच्या कणांवर लेप द्यायला जो कार्बन वापरायचे त्या जातीचा. अशी दोन पाकळ्यांची झडप १९७७ साली अमेरिकेत मिनियापोलिसला पहिल्यांदा माणसात बसवली गेली. त्याच्याही आधी, १९६० मध्ये, अल्बर्ट स्टार या सर्जनने आणि लॉवेल एडवर्ड्‌स या निवृत्त इंजिनियरने मिळून पिंजऱ्यात चेंडू अडकवलेली झडप केली होती. निवृत्त इंजिनियर हा शब्द ऐकल्यापासून आमच्याकडे त्या एडवर्ड्‌सचं नाव फार आदराने घेतलं जातं. आपल्याकडची झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. आधीची रूपं चाचण्यांत फसली, मोडली. तरी ते मागे हटले नाहीत, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसली. तिची चकती प्लास्टिकची असते, म्हणून तिचा आवाज कमी. "ती बसवली असती तर आपण दोघंही झोपलो असतो," असं एकदा हे म्हणाले होते. मी उत्तर दिलं नाही.

माझं दुखणं जुनं. अकरा वर्षांची असताना घसा धरला, ताप आला, गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, मग मनगट. सूज जणू पाहुणचार घेत एका सांध्याकडून दुसऱ्याकडे निघाली होती. महिन्याभरात सगळं थांबलं आणि मी पुन्हा लंगडी खेळायला लागले. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढायला शरीराने जी हत्यारं काढलेली असतात ती ओळखीच्या घोळात आपल्याच हृदयाच्या झडपांवर चालतात. सांधे बरे होतात, झडप लक्षात ठेवते. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत राहिलं की पुढचे हल्ले टळतात, हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीत होते आणि शाळेचा जिना दोन टप्प्यांत चढत होते. पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मागे तुंबणाऱ्या रक्ताने डावीकडचा वरचा कप्पा वर्षानुवर्षं फुगत गेला होता.

ऑपरेशन होऊन गेलं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी तिथे नव्हतेच. सांगण्यासारखं आहे ते तिसऱ्या रात्रीचं.

आयसीयूत घड्याळ होतं, पण रात्र होती की दिवस ते कळत नव्हतं. तीन गोळ्यांचं ते स्पायरोमीटर ओढून ओढून दमले होते, आणि छातीला उशी घट्ट धरून खोकायचं एवढंच आयुष्यात उरलं होतं. अचानक छातीत पाखरांचा थवा उडाला. एक नाही, थवा. मॉनिटरवरचा आकडा १४० च्या पुढे गेला आणि तिथेही एका जागी थांबेना. सिस्टर धावत आल्या नाहीत, चालत आल्या. हे मला फार आवडलं. त्यांनी फोनवर सांगितलं, "सर, सात नंबर एएफमध्ये गेल्या." पुण्याला गेल्या म्हणावं तितक्या सहज.

ही एएफ म्हणजे काय, ते मी नंतर समजून घेतलं. मास्तरीण असण्याचा हा तोटा, आजारसुद्धा धड्यासारखा वाचावा लागतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, मोठी शीर जिथे येऊन मिळते तिथे, ठोक्याची सुरुवात करणारा एक इवलासा पेशीपुंज असतो. हृदय कुठून सुरू होतं हा शेकडो वर्षांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका खेड्यातल्या घरात मिळालं. आर्थर कीथ हे शरीररचनाशास्त्रज्ञ बायकोबरोबर सायकलवर भटकून परतले, तर घरी मार्टिन फ्लॅक हा त्यांचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकापाशी त्यांची वाट पाहत होता. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मोल नावाच्या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात त्याला ही गाठ दिसली होती. १९०७ मध्ये दोघांनी ती जगापुढे मांडली. इतकं मोठं गुपित आणि सापडलं एवढ्याशा काळजात.

तर या गाठीने हुकूम द्यायचा आणि बाकीच्यांनी पाळायचा, असा रिवाज. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत जो तो हुकूम सोडायला लागतो, मिनिटाला तीनशे-चारशे किंवा त्याहून जास्त. कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. मधल्या दारावरचा पहारेकरी त्यांतले जमतील तेवढे खाली सोडतो, म्हणून नाडीला ताल उरत नाही; अनियमितपणालाही काही नियम असतो, तो इथे नसतो. झडपेच्या ऑपरेशननंतर दहातल्या तीन-चार जणांना हे होतं आणि बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतं. ज्या कप्प्याला चिरून आत जायचं, त्याची जखम ओली असते. हृदयाभोवतीचं आवरण सुजलेलं असतं. रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम वरखाली झालेलं असतं. आणि माझा कप्पा तर चाळीस-पंचेचाळीस वर्षं ताणलेला. तो गप्प बसला असता तरच नवल.

सलाईनमधून मॅग्नेशियम गेलं, मग ताल जागेवर आणणारं अमिओडारोन. तीस तासांनी पाखरं खाली बसली. शॉक द्यावा लागला नाही.

इथे मला एक डच व्यापारी आठवतो. व्हेंकेबाख नावाच्या हृदयतज्ज्ञाकडे तो आला, नाडी हीच, बेताल. डॉक्टर म्हणाले, यावर माझ्याकडे इलाज नाही. व्यापारी म्हणाला, माझ्याकडे आहे, उद्या दाखवतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुतासारखी सरळ नाडी घेऊन हजर. हिवतापाच्या मुलखात व्यापाराला जाणारा माणूस तो, त्याने रात्री क्विनाईन घेतलं होतं. म्हणजे आपलं कोयनेल! व्हेंकेबाखने १९१४ च्या पुस्तकात हा किस्सा प्रामाणिकपणे लिहून ठेवला आणि चार वर्षांत क्विनाईनचंच भावंड, क्विनिडीन, ताल दुरुस्त करायला वापरात आलं. आज कुणी हा प्रयोग घरी करू नये. पण आपल्याला जमलं नाही ते रुग्णाला जमलं, हे छापणाऱ्या डॉक्टरला माझा नमस्कार.

घरी आल्यावर एएफ पुन्हा आली नाही. आलं ते हे पहाटेचं मिसिंग.

आपली भाषा या बाबतीत फार तयारीची आहे. काळजाचा ठोका चुकतो, काळजात धस्स होतं, उरात धडकी भरते, छातीत पाकपुक होते. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर मिळतं यकृत, पण वाक्प्रचारांमध्ये ते हृदयाच्या जागी चोख काम करतं. मी पस्तीस वर्षं पोरांना ऱ्हस्वदीर्घ शिकवलं, पण या शब्दाकडे नीट पाहिलं ते आता, पाठीवर उताणी पडून, छाताडाचं हाड जुळायची वाट बघत. काळीज. वेलांटी ळ वर आहे. ती एक अक्षर पुढे सरकू द्या, होते काळजी. अक्षरं तीच, क्रमही तोच. फक्त एक खूण आपल्या जागेवरून घसरलेली.

आणि ठोक्याचंही नेमकं असंच होतं. आपण म्हणतो ठोका चुकला. ठोका चुकलेला नसतो, आगाऊपणे आधी आलेला असतो. दुसऱ्याच कुठल्या तरी पेशीने वेळेआधी तोंड उघडलेलं असतं. हृदय अजून भरलेलं नसतं, म्हणून त्या ठोक्यातून फारसं रक्त पुढे जात नाही आणि तो मनगटापर्यंत पोचतही नाही. त्यानंतर थोडी जास्त विश्रांती. त्या विश्रांतीत हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणकून पडतो. आपण दचकतो तो या ठोक्याला, आणि हा तर बिचारा अगदी नेमस्त असतो. गुन्हा एकाचा, बोभाटा दुसऱ्याचा. वर्गात मी कितीदा असं चुकीच्या मुलाला उभं केलं असेल, कोण जाणे.

माझे आईकडचे आजोबा वैद्य होते. शार्ङ्गधरसंहितेतल्या नाडीच्या उपमा ते आम्हा नातवंडांना गोष्टीसारख्या सांगत. वाताची नाडी सापासारखी, जळवेसारखी. पित्ताची कावळ्यासारखी, बेडकासारखी. कफाची हंसासारखी, पारव्यासारखी. तिन्ही दोष एकदम बिघडले की लावा-तित्तिरांची चाल. तित्तिर कसा चालतो ते त्यांनी अंगणात चालून दाखवलं होतं: तुरुतुरु पावलं, मग थबकणं, मग पुन्हा तुरुतुरु. आणि थांबत थांबत चालणारी नाडी ही प्राण घेऊन जाणारी, असंही त्याच ग्रंथात आहे. हे त्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही हसत होतो. पहिल्या रात्री घरच्या अंथरुणावर ती टिकटिक थबकली, तेव्हा मला नेमकं तेवढंच आठवलं. ज्या काळात नाडी ऐकण्यापलीकडे हाताशी काही नव्हतं, त्या काळाने सावध राहण्याचा नियम केला, त्यात गैर काही नाही. पण माणसाला रात्री तीन वाजता ग्रंथ आठवू नयेत.

यांनी मग वही घातली. जुन्या लॉगशीटसारखी, पट्टीने आखलेली. तारीख, वेळ, मनगटावरचे ठोके, कानाने मोजलेले टिक्, शेरा. एका रात्री मनगटावर ७४ भरले आणि कानाने ८२. आठ कुठे गेले? यांचा चेहरा हिशोबात तूट आलेल्या कंडक्टरसारखा झाला. ते आठ म्हणजे हेच आगाऊ ठोके, झडप मिटवणारे पण मनगटापर्यंत न पोचणारे, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या रात्री मात्र आम्ही दोघं उठून बसलो, दिवा लावला, चहा केला आणि चहामुळे ठोके वाढतात का यावर भांडलो.

याच वहीत मागच्या पानावर आयएनआरचे, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो त्या तपासणीचे, आकडे आहेत. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्माची सोबतीण. नवी, कमी कटकटीची औषधं या झडपेला चालत नाहीत. गोळी मूळची गुरांच्या कुजक्या चाऱ्यातल्या विषावरून सापडलेल्या घराण्यातली. तिच्यातलीच एक, वॉरफरिन, १९४८ पासून उंदीर मारायला आणि १९५४ पासून माणसं जगवायला. अमिओडारोन चालू असताना या गोळीचा जोर वाढतो, म्हणून डोस कमी करावा लागतो आणि रक्त जास्त वेळा तपासावं लागतं. मेथी-पालक बंद करायची नसते, आठवड्यात जेवढी खातो तेवढीच खात राहायची असते. शेजारणींना हे पटत नाही. त्यांच्या मते पथ्य म्हणजे बंद.

चौथ्या आठवड्यात होल्टर लावला. छातीला चिकटवलेल्या वायरी, कमरेला डबी, २४ तास. हृदय एका दिवसात लाखावर ठोके मारतं. माझं तेव्हा जरा घाईत होतं, सव्वा लाखाच्या आसपास. त्यात आगाऊ निघाले हजारभर. एएफ नाही. डॉक्टर कागद उलटत असताना यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि मोठ्याने म्हणाले, "हजाराला आठ? एवढं मिसिंग तर आमच्या नव्या गाडीत असायचं." डॉक्टर हसले आणि म्हणाले, पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे बहुतेक निवळतं, औषधं चालू ठेवा आणि ती वही बंद करा.

औषधं चालू ठेवणं सोपं होतं.

मला वाटतं, दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला काळजी आणि पाळत यांतला फरक कुणी तरी पहिल्याच दिवशी सांगायला हवा. कोणत्या वेळी उठून पळायचं हे आम्हाला लिहून दिलेलं आहे आणि ते फ्रिजवर लावलेलं आहे. ठोके बेफाम धावायला लागून थांबतच नसतील, डोळ्यांपुढे अंधारी आली, दम लागला, थंडी वाजून ताप भरला, आणि मुख्य म्हणजे तोंड वाकडं झालं, हाताचा जोर गेला, जीभ जड झाली, तर गाडी काढायची. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं आणि त्याची गुठळी मेंदूकडे निघते, म्हणून. ही काळजी. ती फ्रिजवर मावते. पाळतीला मात्र वही पुरत नाही. पाळत ठेवणाऱ्याला प्रत्येक शांततेत चोर दिसतो. जे हृदय एकोणसाठ वर्षं कुणी न बघता चाललं, तेही बराच काळ एका सदोष झडपेवर, त्याच्यावर आम्ही दोघं रात्रपाळीचे फौजदार होऊन बसलो होतो.

यांनाच ते आधी सुचलं, मला नाही. म्हणाले, "ओव्हरहॉल करून आलेली गाडी पहिल्या दिवशी घाटात घालत नाहीत. तिला चालू द्यायचं सपाटीवर, आवाज करू द्यायचा." एवढं बोलून वही कपाटावर टाकली. फेकून दिली नाही, वर टाकली.

तेव्हापासून मी पहाटे मोजत नाही. ऐकते, कारण ऐकू येतंच. आणि न मोजता ऐकताना मागच्या आठवड्यात एक निराळीच गोष्ट कानावर आली. श्वास आत घेतला की टिकटिक किंचित घाई करते, सोडला की रेंगाळते. घाबरून विचारलं तर कळलं, निरोगी हृदयाची हीच खूण. तंतोतंत यंत्रासारखं चालतं ते दात्याकडून घेऊन बसवलेलं हृदय. त्याच्या नसा कापलेल्या असतात, म्हणून श्वासाची चाहूल त्याला लागत नाही. ऑपरेशननंतर माझी ही लवचीकता दबली होती, ती हळूहळू परतते आहे. म्हणजे इतके दिवस मी जिच्यासाठी देव पाण्यात घातले होते, ती घड्याळासारखी समान टिकटिक मला मिळाली असती तर ती फारशी चांगली बातमी नव्हती.

आज पहाटेही साडेचारलाच जाग आली. टिक्, टिक्, रिकामा क्षण, मग तो दणका. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहिली. आला नाही. हे गाढ झोपले होते, पांघरूण नाकापर्यंत ओढून, घोरत. महिन्याभरात पहिल्यांदा. स्टँडवरून पहिली गाडी सुटायला अजून तासभर होता. मी कूस न बदलता, हाडाला जपत, तशीच पडून राहिले. बरं वाटत होतं.

आणि मग यांचं घोरणं मध्येच थांबलं.

मी कान टवकारले. एक. दोन. तीन. कोपरावर उठायची मनाई आहे हे विसरून मान उचलली. चार. पाच. घशात काही तरी अडखळलं, एक लांब सुस्कारा निघाला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. माझी टिकटिक तेवढ्यात केवढी तरी पळून आली होती.